केरबा प्रथमोपचार तपासतो

एका गावात एक भोळा शिपाई होता. नाव केरबा. वडकुंडीच्या सरकारी कचेरीच्या दाराशी स्टुलावर बसायचा, घंटी वाजली की आत जायचा आणि सांगितलेलं काम करायचा. सांगितलेलंच करायचा. त्यात एक गहू कमी नाही, एक गहू जास्त नाही.

ही कचेरी कसली, ते आधी सांगायला हवं. वडकुंडीच्या माळावर कारखान्यांची वसाहत झाली. तेलाची गिरणी आली, बिस्किटाचा कारखाना आला, लोखंड ओतायच्या भट्ट्या आल्या. कारखाना आला की बोटं चेपतात, पाय भाजतात. म्हणून नियम निघाला की प्रत्येक कारखान्यात प्रथमोपचार शिकलेली माणसं पाहिजेत, आणि त्यांच्याकडे तसा दाखला पाहिजे. झालं! दाखला देणाऱ्या शिकवण्या पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या. ज्याचं सायकलचं दुकान चालेना त्यानं पाटी लावली. ज्याची पिठाची चक्की बसली त्यानंही लावली. व्यापारातली जुनी खूण आहे. ज्या मालाला गिऱ्हाईक हौसेनं येतं तो माल बरा असतो. ज्याला सक्तीनं येतं, त्यात भेसळ आधी शिरते. तर या भेसळीवर नजर ठेवायला ही कचेरी. कोण शिकवतो, काय शिकवतो, किती तास शिकवतो, शिकवतो की नुसतेच कागद विकतो, ते बघायचं. एक साहेब, एक तपासनीस आणि दाराशी केरबा.

साहेब म्हणजे कुलथेसाहेब. माणूस सरळ, पण रक्तदाबाचा. त्यांच्याकडे तपासनीस टिकत नसे. सगळे हुशार निघत, तेच वाकडं. पहिल्या महिन्यात शिकवण्या तपासत, दुसऱ्या महिन्यात शिकवणीवाल्यांकडे जेवत, तिसऱ्या महिन्यात नवी मोटारसायकल घेत. चौथा तपासनीस बदली करून घेऊन गेला तेव्हा कुलथेसाहेबांनी डोकं धरलं. आणि त्यांना केरबाचं पाकीट आठवलं.

पाकिटाचं असं झालं होतं. शेटे गादीवाला म्हणून एक होता. गाद्यांच्या दुकानामागे त्यानं प्रथमोपचाराची शिकवणी काढली होती. त्यानं एकदा केरबाच्या हातात जाडजूड पाकीट ठेवलं आणि डोळा मारून म्हणाला, "साहेबांना पोचव." केरबानं पाकिटावर साहेबांचं नाव लिहिलं, कचेरीचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि पोस्टात टाकलं. चार दिवसांनी पोस्टमननं ते भर कचेरीत, दहा माणसांच्या देखत, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्या दिवसापासून वडकुंडीत कुणी केरबाच्या हातात काही दिलं नाही. चहासुद्धा नाही.

"तराजूवर फार हुशार माणूस बसवूच नये," साहेब म्हणाले. शिपायाला तपासनीस करणं नियमात बसत नव्हतं. पण तपासनिसाची खुर्ची रिकामी ठेवणंही नियमात बसत नव्हतं. तेव्हा त्यांनी दोन्हींतला लहान नियम मोडला.

"केरबा, तीन महिने तू हंगामी तपासनीस. काम नीट झालं तर कायमचा हुकूम. माझ्या सहीचा. नाही झालं तर परत स्टूल."

केरबा घरी आला आणि बायकोला, हौसाला, सांगितलं. हौसानं उभ्या उभ्याच थोरल्या बहिणीला फोन लावला. "अगं, आमचं हे सायब झालं. हाताची खुर्ची मिळाली!" थोरल्या बहिणीचा नवरा ग्रामसेवक. बारा वर्षं ती हौसाला शिपाईणबाई म्हणून हाक मारत होती. फोन ठेवला आणि हौसा नवऱ्याकडे वळली.

"अवो, आता ही खुर्ची गेली तर मी म्हायेरच्या जत्रंला तोंड दाखवायची न्हाई. सायब सांगतील तसंच करा. आपलं डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलंय?" केरबा म्हणाला.

हे मात्र खरं होतं.

पहिली तपासणी निघाली तेलाच्या गिरणीतली. तिथं अनुसया सिस्टरांचा वर्ग चालायचा. साहेबांनी केरबाला समोर उभं केलं.

"हे बघ, आधी कळवायचं नाही. कळवलं की सगळे लग्नाला निघाल्यासारखे नटून बसतात. गुपचूप जायचं, मागे बसायचं, काय चाललंय ते बघायचं. तोंडातून अक्षर काढायचं नाही, काही झालं तरी. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"तोंडातनं अक्षर काढायचं न्हाई. काय बी झालं तरी."

केरबानं धडा दोनदा घोकला आणि निघाला.

अनुसया सिस्टर म्हणजे चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई. आवाज असा, की भूल न देताच रोगी गप्प पडायचा. शिकवणं चोख. समोर तीस कामगार, प्रत्येकाच्या मांडीवर पट्टीची कोरी गुंडाळी. केरबा मागच्या बाकावर टेकला. सिस्टरांच्या नजरेतून मुंगी सुटत नसे, केरबा कसला सुटतो?

"नवीन दिसता. नाव काय?"

केरबा गप्प.

"कुठल्या खात्यातले?"

केरबानं छताकडे बघितलं.

"अहो, ऐकू येतंय का?" सिस्टर जवळ आल्या आणि त्यांनी त्याच्या खांद्याला चिमटा काढला. चांगला कचकचून. केरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, कपाळाला घाम फुटला, पण अक्षर निघालं नाही.

सिस्टर वर्गाकडे वळल्या. "बघा रे सगळे. हाक मारली, उत्तर नाही. चिमटा काढला, आवाज नाही. घाम सुटलाय, डोळे वर लागलेत. आता काय करायचं?"

तीस माणसं चौदा दिवस याच घडीची वाट बघत होती. सगळी एकदम धावली. कुणी मान धरली, कुणी पट्टा सोडला, कुणी पाय उशीवर घेतले. एकानं तर धडधाकट पाय फळीला आवळून बांधला.

"पाय कशाला बांधतोस रे?" सिस्टर ओरडल्या.

"बाई, माझ्याकडं पायाचाच धडा हाय."

अर्ध्या तासात केरबाचं फक्त नाक दिसत होतं. मग गाडी आली आणि त्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी दोन दिवस त्याचं रक्त काढलं, फोटो काढले, शेवटी हात टेकले. हौसा उशाशी बसून रडली, "माझं माणूस मुकं झालं गं बाई!" केरबाला फार वाईट वाटलं. पण अक्षर नाही.

तिसऱ्या दिवशी कुलथेसाहेब आले. "केरबा, अरे बोल काहीतरी!"

"बोलू का?" केरबा म्हणाला. "तुमीच न्हाई म्हनला हुता."

साहेबांनी दवाखान्यातच रक्तदाबाची गोळी घेतली. सिस्टरांचा वर्ग उत्तम चालतो, एवढं मात्र सिद्ध झालं होतं. असा पुरावा कुठल्या तपासनिसानं अंगावर बांधून आणला नव्हता. म्हणून त्यांनी राग गिळला.

"अरे, असं मुक्यासारखं जायचं नसतं! दारातच खड्या आवाजात सांगायचं, 'तपासणी आली आहे! सगळ्यांनी हात वर!' म्हणजे कुणाला कागद लपवता येत नाही. समजलं?"

"समजलं. हात वर."

दुसरी तपासणी होती कॅप्टन बोडक्यांच्या जीवरक्षक अकादमीची. कॅप्टनांच्या मिशा मोठ्या, बूट मोठे, पाटी त्याहून मोठी. फी सगळ्यांत जास्त. वर्ग भरला होता बिस्किटाच्या कारखान्यात, आणि त्या दिवशीचा धडा होता, जखमी माणूस जिन्यावरून खाली कसा आणावा.

जखमी म्हणून कारखान्याचे मॅनेजर सगरे स्वखुशीनं आडवे झाले होते. वजन एकशे दहा किलो. एरवी त्यांना जिना उतरायचा कंटाळा यायचा, त्यामुळे हा धडा त्यांना मनापासून आवडला. सहा कामगारांनी फळी उचलली. दातओठ खात ते एकेक पायरी उतरू लागले. सगरे वरून सूचना देत होते. "डावीकडं बघा. हां. सावकाश."

केरबा जिन्याच्या तळाशी आला. छाती फुगवली. आणि खड्या आवाजात ओरडला, "तपासणी आलीय! सगळ्यांनी हात वर!"

कॅप्टनांनी प्रथमोपचार काही शिकवला असो-नसो, हुकूम पाळायला नक्की शिकवलं होतं. बाराच्या बारा हात वर गेले.

फळी उरलेला जिना एकटीच उतरली. म्हणजे सगऱ्यांना घेऊन. केरबा अदबीनं बाजूला झाला. फळी त्याच्या शेजारून गेली, दारातून गेली आणि बिस्किटांच्या खोक्यांच्या थप्पीत शिरली. वरून चाळीस खोकी पडली. आतून आवाज आला, "पाय! माझा पाय!"

सगळ्यांनी कॅप्टनांकडे बघितलं. कॅप्टनांनी सगऱ्यांच्या पायाकडे बघितलं. पाय जिथं वळू नये तिथं वळला होता. कॅप्टन पांढरेफटक पडले, जिन्याच्या कठड्याला धरून खाली बसले आणि किंचाळले, "अरे, कुणीतरी प्रथमोपचार येणाऱ्या माणसाला बोलवा!"

एक गडी धावत तेलाच्या गिरणीत गेला आणि अनुसया सिस्टरांना घेऊन आला. मग चौकशी झाली. कॅप्टन हे कॅप्टन होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण ते तालुक्याच्या कबड्डी संघाचे. अकादमीला कुलूप लागलं.

केरबाच्या अहवालात एकच ओळ होती. "सर्वांनी हात वर केले. शिस्त उत्तम."

साहेबांनी अहवाल वाचला. सगऱ्यांची तक्रारही वाचली, ती सात पानी होती. मग केरबाला आत बोलावलं.

"अरे बाबा, समोर जिवंत माणूस आडवा होता! त्याच्याकडे बघायचं की नाही? कागद, हात, सगळं गेलं खड्ड्यात. यापुढे आत शिरलास की आधी कोण आडवं पडलंय ते बघ. त्याच्याजवळ बस. 'कसं वाटतंय' म्हणून विचार. धीर दे. तो उत्तर देईपर्यंत जागचा हलू नकोस. माणूस पहिला! समजलं?"

"समजलं. उत्तर दिल्याबिगर हलायचं न्हाई."

तिसरी तपासणी शेट्यांची. तेच ते, पाकीटवाले. त्यांच्या शिकवणीची कीर्ती पाच तालुक्यांत होती, कारण तिथं शिकावं लागत नसे. पुढे चहा मागवायचा, नाव सांगायचं, चहा निवायच्या आत दाखला हातात. मागच्या खोलीत नियमापुरता एक पुतळा घेऊन ठेवला होता. छाती दाबायचा सराव करतात, तो रबरी पुतळा. पाच वर्षांत त्याची छाती कुणी दाबली नव्हती. शेट्यांनी तो एका गादीवर टाकून वर गोधडी ओढली होती, धूळ बसू नये म्हणून.

केरबा गेला तेव्हा शेटे कापूस आणायला परगावी गेले होते. शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, "बसा आत, येतील." केरबा मागच्या खोलीत गेला. गादीवर एक माणूस गळ्यापर्यंत गोधडी घेऊन पडलेला. डोळे उघडे, तोंड उघडं.

केरबा हळूच त्याच्याजवळ बसला. "कसं वाटतंय, पाव्हनं?"

उत्तर नाही.

"असू दे. दमानं सांगा. मला कायबी घाई न्हाई."

अकरा वाजले, बारा वाजले. केरबानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला. थंडगार. "घाबरू नका, मी हाय हितं. हौसाला निरोप धाडलाय, भाकरी घिऊन येईल. दोघं मिळून खाऊ." एक वाजला, दोन वाजले. हौसा भाकरी ठेवून गेली. पाव्हण्यानं तोंड मिटलं नाही की उघडलं नाही. चार वाजता केरबानं त्याच्या नाकाशी सूत धरलं. सूत हललं नाही.

केरबा बाहेर आला आणि पानवाल्याला म्हणाला, "गडी गेला."

वडकुंडीत एक चांगली रीत आहे. कुणी गेलं म्हटलं की 'कोण, कुणाचा' हे मागाहून विचारतात, आधी बांबू आणतात. पानवाल्यानं दुकान बंद केलं. शेजारच्या चौघांनीही केलं. बांबू आले, मडकं आलं, हार आला. चौघांनी उचललं.

"लई हलका हाय रे."

"खंगला असंल बिचारा."

"अन् कडक किती झालाय!"

"सकाळपास्नं पडलाय. हुनारच."

तेवढ्यात गोधडी सरकली. कमरेखाली काहीच नव्हतं.

"कारखान्यात गेलं असनार," पानवाला म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले. "मेल्यांनी भरपाई तरी दिली असंल का?"

यात्रा निघाली. वेशीपाशी समोरून कापसाचा टेंपो आला. आत शेटे. सभ्य माणूस, टेंपो थांबवला, चपला काढल्या, हात जोडले. "कोण गेलं हो?"

"नाव सांगितलं न्हाई त्यानं," केरबा म्हणाला.

शेट्यांनी चार पावलं खांदा दिला. घाटावर पोचल्यावर रीतीप्रमाणे तोंड बघितलं. क्षणभर थबकले. "चेहरा कुठंतरी बघितल्यासारखा वाटतो," ते म्हणाले, आणि त्यांनी दोन फुलं वाहिली.

मग अग्नी दिला.

रबराचा धूर कसा असतो ते ज्यानं टायर जळताना बघितलाय त्याला सांगायला नको. काळा लोट उठला तो आधी घाटावर पसरला, मग गावावर. माणसं खोकली, म्हशी खोकल्या. अनुसया सिस्टर ओली फडकी घेऊन घरोघर पळाल्या. म्हातारी माणसं म्हणाली, एवढं पाप करून गेलेला माणूस उभ्या जन्मात बघितला नाही.

शेटे दुकानात परतले, मागची खोली बघितली आणि थेट पोलीस चौकीत गेले. "माझा पुतळा चोरीला गेला!"

"कसा होता?" हवालदारांनी विचारलं.

"गोरा. कमरेपर्यंत. तोंड उघडं."

हवालदारांनी लेखणी खाली ठेवली. "शेटे, त्याला तर तुम्हीच खांदा दिलात."

ज्या मास्तरला पाच वर्षांत आपला पुतळा ओळखता येत नाही, तो काय शिकवत असणार? शेट्यांचा परवाना त्याच आठवड्यात रद्द झाला. आणि धुराची तक्रार अख्ख्या गावानं केली, ती कुलथेसाहेबांच्या टेबलावर येऊन पडली. एकशे चौदा सह्या.

साहेब हसत होते की रडत होते, ते केरबाला कळलं नाही. बराच वेळ त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

"केरबा," ते शेवटी म्हणाले, "तीन शिकवण्या तपासल्यास. दोन भामटे पकडलेस, एक खरी बाई शोधलीस. गेल्या चार तपासनिसांनी मिळून एवढं केलं नाही. कसं केलंस, ते मात्र देवालासुद्धा सांगू नकोस. आता नीट ऐक. बुधवारी जिल्ह्याहून मोठ्या बाई येतायत. आपल्या सगळ्यांच्या वर त्या. त्यांच्यासमोर अनुसया सिस्टर प्रात्यक्षिक करून दाखवणार, मग त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण. तेवढा दिवस सरळ गेला, की तुझा हुकूम. आणि बुधवारी गोंधळ झाला, तर स्टूलसुद्धा मिळेल की नाही, सांगत नाही."

केरबाला हौसाचं तोंड दिसलं. मग हौसाच्या बहिणीचं दिसलं.

"साहेब, एकदा नीट सांगून ठिवा. म्हंजी चूक व्हायची न्हाई."

साहेबांनी बोटावर मोजून सांगितलं. "प्रात्यक्षिकात सगळं खोटं असतं. पडलेला माणूस खोटा, रक्त म्हणजे लाल रंग, कण्हणं म्हणजे सोंग. आपण घाबरायचं नाही, रडायचं नाही, कुणाला घाटावर न्यायचं नाही. खुर्चीवर बसायचं, घड्याळ लावायचं, मार्क द्यायचे. आणि मध्ये कुणाला पडू द्यायचं नाही. समजलं?"

"समजलं. सगळं खोटं. मार्क द्यायचे. मधी कुनाला पडू द्यायचं न्हाई."

बुधवार उजाडला. केरबानं इस्त्रीचा सदरा घातला. हौसानं दही दिलं हातावर. कचेरीच्या अंगणात अनुसया सिस्टर फळ्या आणि पट्ट्या मांडत होत्या. साहेबांच्या खोलीत बाईंसाठी बटाटेवडे आणून ठेवले होते, मुठीएवढे, वाफाळते. अकराला येणाऱ्या बाई बारा वाजले तरी आल्या नव्हत्या. साहेबांनी काळजीपोटी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"बाई यायच्या आत तुझं एक उरकून टाकतो," ते म्हणाले. त्यांनी खणातून हुकूम काढला. केरबा, हंगामी, यापुढे कायम. खाली सहीची जागा कोरी. केरबा श्वास रोखून बघत राहिला. साहेबांनी एका हातानं पेन घेतलं, दुसऱ्या हातानं एक वडा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. पेन कागदावर टेकलं. 'कुल' एवढं लिहून झालं, तेवढ्यात बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. साहेब दचकले. वडा आत गेला आणि मध्येच अडकला.

साहेब उठून उभे राहिले. दोन्ही हातांनी गळा धरला. डोळे मोठे झाले. आवाज मात्र नाही.

केरबानं क्षणभर बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला. प्रात्यक्षिक सुरू झालं होतं, आणि सोंग स्वतः साहेब करत होते! त्यानं खुर्ची ओढली, घड्याळ लावलं, कागद पुढ्यात घेतला.

"गळा धरणे," त्यानं लिहिलं. "वीसपैकी वीस."

साहेबांचं तोंड लाल झालं, मग जांभळं.

"रंग. वीसपैकी वीस." केरबानं वाकून निरखून बघितलं. "साहेब, ह्यो रंग कुठनं आनला? लाल म्हनला हुता तुमी."

साहेबांनी टेबलावर हात आपटले. गळ्याकडे बोट दाखवलं, पाठीकडे दाखवलं, पुन्हा गळ्याकडे दाखवलं.

केरबानं मान हलवली. "साहेब, रोग्यानं खानाखुना करून उत्तर सांगायचं नसतं. ही कॉपी झाली. पाच मार्क गेलं."

आवाज ऐकून, प्रात्यक्षिकाला आलेले सिस्टरांच्या वर्गातले दोन कामगार दाराशी आले. "अवो, सायबांस्नी काय झालं?"

केरबानं दारात हात आडवा घातला. "मधी पडायचं न्हाई. परीक्षा चाललीया."

साहेबांनी त्याची कॉलर धरली. डोळे विनवत होते. केरबानं कॉलर हळूच सोडवून घेतली. "परीक्षकाला हात लावायचा नसतो, साहेब. एवढ्या बारीला सोडतो." साहेबांचे गुडघे वाकले. केरबा परत खुर्चीवर टेकला आणि त्यानं लिहिलं, "गुडघे. उत्तम."

एवढ्यात अनुसया सिस्टर आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. केरबाला खुर्चीसकट भिंतीला लावलं, साहेबांना मागून मिठी घातली, बेंबीच्या वर मूठ रोवली आणि असा हिसका दिला की टेबलावरचे पेले नाचले. दुसरा हिसका. तिसऱ्याला वडा सुटला, दारातून बाहेर गेला आणि नेमक्या आत येणाऱ्या मोठ्या बाईंच्या पायांशी पडला.

साहेबांच्या छातीतून शिट्टीसारखा श्वास येऊ लागला.

बाईंनी वड्याकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, आणि टाळ्या वाजवल्या. "वा, कुलथे! रोगी म्हणून तुम्ही स्वतः उभे राहिलात! एवढं हुबेहूब प्रात्यक्षिक मी अख्ख्या नोकरीत बघितलं नाही."

"प्रात्यक्षिक?" सिस्टर म्हणाल्या. "बाई, अहो हे—"

साहेबांनी त्यांच्याकडे बघून हात जोडले. सिस्टरांनी तोंड मिटलं. अनुभवी बाई, कुठं मलम लावायचं आणि कुठं नाही ते त्यांना कळत होतं.

"यांचा परवाना पाच वर्षांसाठी द्या," बाई म्हणाल्या. "आणि तिकडे भिंतीपाशी शांतपणे मार्क देत बसलेत, ते कोण?"

"तपासनीस," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हंगामी."

"हंगामी? समोर माणूस तडफडतोय आणि हे जागचे हलले नाहीत! काय ती निष्ठा! यांना आजच्या आज कायम करा, माझ्या देखत."

साहेबांनी केरबाकडे बघितलं. ती नजर फार मोठी होती, तिच्यात पुष्कळ काही मावलं होतं. पण बाई समोर होत्या. त्यांनी पेन उचललं आणि 'कुल'च्या पुढे टेकवलं. आता फक्त 'थे' राहिला होता.

"आणि हो," बाईंनी कौतुकानं विचारलं, "साहेबांना मार्क किती दिलेत?"

"शंभरपैकी नव्वद," केरबा म्हणाला.

"दहा कुठं कापले?"

"पाच कॉपीचं. अन् पाच शेवटाचं. चांगलं मरत आलं हुतं, मधीच उठून बसलं."

बाई पोट धरून हसल्या. "कुलथे, माणूस मोठा विनोदी ठेवलाय तुम्ही! फक्त माझी सुरुवात हुकली, एवढीच हळहळ. पुन्हा एकदा पहिल्यापासून बघायला मिळालं असतं तर फार बरं झालं असतं."

'नको' म्हणायला साहेबांनी तोंड उघडलं.

केरबानं बघितलं, साहेब तयार आहेत. बशीत उरलेल्यांतला सगळ्यांत मोठा वडा त्यानं उचलला, साहेबांच्या तोंडात घातला आणि अंगठ्यानं नीट आत लोटला.

'थे' झालाच नाही. पेन हुकमावरून घसरलं, टेबलावरून घसरलं, आणि लांबलचक रेघ ओढत जमिनीवर पडलं.

केरबा खुर्चीवर जाऊन बसला. घड्याळ पुन्हा लावलं. आणि धावत निघालेल्या अनुसया सिस्टरांना हात करून म्हणाला, "सिस्टर, ह्या बारीला घाई करू नका. बाईस्नी पहिल्यापास्नं दिसलं पायजे."